दुसरा पोर्ट खराब नव्हता

विश्वास नक्की कोणावर ठेवता हो तुम्ही? जो रोज डोळ्यांसमोर राबतो त्याच्यावर, की ज्याला कामाला लावायची वेळच आली नाही त्याच्यावर? सावकाश सांगा, घाई नाही. तोवर मी माझी ओळख करून देतो.

मी पोर्ट क्रमांक दोन बोलतोय. फायरवॉल नावाचं एक यंत्र असतं. दारावरचा पहारेकरीच म्हणा. बाहेरच्या जगातून तारेवाटे जे काही आत घुसू बघतं, त्याला ते विचारतं, कोण तू, कुणाकडे आलास, काम काय? पटलं तर आत, नाही तर चालता हो. या पहारेकऱ्याच्या पाठीवर केबल लावायला आठ चौकोनी भोकं आहेत. डावीकडून दुसरं भोक म्हणजे मी. भोक म्हणा, मला राग नाही. पण खराब म्हणाल तर ऐकून घेणार नाही. एकदा म्हणून झालंय. तीच हकीकत सांगायला बसलोय.

आम्ही आठही भावंडं एकाच दिवशी जन्मलो. कारखान्यातल्या एका बाईनं प्रत्येकाच्या तोंडात केबल खुपसली, हिरवा दिवा लागलेला पाहिला आणि ती पुढच्या यंत्राकडे वळली. माझ्या वाट्याला तिची चार सेकंदं आली. पुढची कित्येक वर्षं तेवढ्याच पुंजीवर काढली.

पहिला मालक लोकांच्या सहली ठरवून देणारा. त्याला एकच केबल लावायची होती, ती त्यानं पोर्ट एकला लावली आणि मला रबरी बूच बसवलं. बूच! पाहुणा जेवायला बसावा आणि त्याच्या तोंडावर कुणी रुमाल बांधावा, तसं. मी बुचामागून ऐकत राहिलो. पुढे ते ऑफिस बंद पडलं, खुर्च्या एका टेंपोत गेल्या, आम्ही दुसऱ्या.

तो टेंपो थांबला जुनी यंत्रं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या दारात. त्याच्या फळीवर मी तीन वर्षं काढली. शिक्षण म्हणाल तर माझं तिथलंच. गृहस्थ शाळेत फार टिकला नव्हता, यंत्रं उघडून उघडून शिकलेला. गिऱ्हाईक आलं आणि "चालतं ना?" म्हणालं, की हा म्हणायचा, "'चालतं' नावाचा माल मी ठेवत नाही. काय चालतं ते विचारा, दाखवतो." प्रत्येक यंत्रावर त्यानं चिठ्ठी लावलेली असायची, आणि चिठ्ठीवर पहिल्या ओळीत त्या यंत्राचा दोष. शेजारचा दुकानदार पोट धरून हसायचा. "अहो, दोष आधी सांगून धंदा कोण करतं?"

"दोष मी सांगितला तर गिऱ्हाईक भाव पाडतं," आमचा व्यापारी म्हणायचा. "तो त्यानं घरी जाऊन शोधला, तर दुकान पाडतं."

आमच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'पंखा आवाज करतो. आठही पोर्ट तपासले, आठही ठीक.' खरोखर तपासले होते. एकेकाला दोन दोन तास.

मग एके दिवशी काकू आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्म्याला दोरी, आणि पर्समध्ये पक्कड. होय, पक्कड. पूर्वी त्या टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये होत्या. एक्स्चेंज बंद पडल्यावर घरी बसायच्याऐवजी त्या पुस्तकं आणून नव्या तारांचं काम शिकल्या. त्यांनी आमच्या यंत्राला उलटं केलं आणि थेट माझ्यावर बोट ठेवलं.

"हा दुसरा पोर्ट चालतो का?"

व्यापारी खुलला. "काकू, इतक्या वर्षांत दुसऱ्याची चौकशी करणारं गिऱ्हाईक..."

"मला उत्तर हवंय. कौतुक नको."

त्यानं मुकाट्यानं केबल आणली. काकूंनी ती माझ्यात लावली, स्टुलावर बसून सगळा चहा संपवला, दिवा एकदाही लुकलुकला नाही हे पाहिलं, मगच यंत्र घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बघून मला निवडलं होतं. त्या दिवशी मनाशी म्हटलं, या बाईला कधी तोंडघशी पाडायचं नाही.

त्यांचं ऑफिस लिफ्टवाल्यांचं. लिफ्टमध्ये घंटेचं बटण असतं ना? तुम्ही अडकलात की ते दाबता आणि कुठूनतरी आवाज येतो, "घाबरू नका, माणूस पाठवलाय." तो आवाज इथून जायचा. सबंध शहरातल्या घंटा तारेवाटे आमच्या दारातून आत यायच्या आणि वीस टेबलांवर वीस माणसं त्या घ्यायची. अडकलेला माणूस काय काय बोलतो म्हणता! एका आजोबांनी अडकल्या अडकल्या आधी विचारलं, "मुली, तुमचे पगार वेळेवर होतात का?" एका बाईंना लिफ्ट सुरू झालेली आवडली नाही, कारण नवऱ्याला पहिल्यांदाच नीट सुनावून होत होतं आणि तो कुठे जाऊ शकत नव्हता.

काकूंनी पोर्ट एकला आणि मला एका जोडीत बांधलं. नाव एक, पत्ता एक, अंगं दोन. एक कामावर, दुसरा राखीव. कामावरच्याचा श्वास अडकला की दुसऱ्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच पत्त्यावरून "हो, बोला" म्हणायचं. समोरच्याला माणूस बदलल्याचं कळताही कामा नये.

आता जरा नीट ऐका, कारण सगळी भानगड इथेच आहे. आमच्याकडून निघालेली केबल टेबलांपर्यंत थेट जात नाही. मधे एक पेटी असते, तिला स्विच म्हणतात. तिथे सगळ्या केबली एकत्र येतात. काकूंनी अशा दोन पेट्या ठेवल्या होत्या, रॅकच्या, म्हणजे आम्हाला ठेवलेल्या लोखंडी मांडणीच्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोघींची वीज वेगळी, दोघी एकमेकींना जोडलेल्या, आणि टेबलं निम्मी हिच्यावर, निम्मी तिच्यावर. पोर्ट एकची केबल डाव्या पेटीत, माझी उजव्या. म्हणजे केबल तुटली तरी काम चालणार, आणि अख्खी पेटी मेली तरी निम्मी टेबलं चालणार.

ऑफिसचे साहेब कपाळाला आठ्या घालून बघत होते. रॅक त्यांच्याच केबिनमध्ये, त्यामुळे त्यांची आणि आमची रोजचीच गाठ. "काकू, सगळं दोन दोन कशाला?"

"साहेब, मूत्रपिंडं किती तुम्हाला?"

"दोन."

"कधी तक्रार केलीत?"

मग काकूंनी चालू कामात पोर्ट एकची केबल खसकन ओढली. मी उठलो. बाहेर एक बाई अडकलेल्या माणसाशी बोलत होती. त्याचं एक "अहो" मधे गळालं, तेवढंच. तिला कळलंसुद्धा नाही. काकूंनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला त्यापलीकडे मानपत्र नको.

तिथून पुढे माझं काम म्हणजे वाट बघणं. पोर्ट एक दिवसभर राबायचा आणि थोरल्या भावासारखा टोमणे मारायचा. "तुझं बरंय बाबा. बसून खा." मी म्हणायचो, "तू पडलास की सांग." तो चिडायचा. पण खरं सांगतो, तयार बसून राहणं हे सुद्धा काम आहे. करून बघा कधीतरी.

राखीव गोष्टीशी माणसं दोनच तऱ्हांनी वागतात. एक तर तिला विसरतात, नाही तर गुपचूप उसनी घेतात. एकदा कुणीतरी माझी केबल काढून प्रिंटरला लावली. काकूंनी त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'उद्या तुमच्या गाडीचं राखीव चाक मी नेणार आहे.' संध्याकाळच्या आत केबल जागेवर.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काकू पोर्ट एकची केबल काढायच्या, दहा आकडे मोजायच्या, मी काम घेतलं की केबल परत लावायच्या. मग लाल पाठीच्या वहीत लिहायच्या: 'चाचणी केली. दुसरा पोर्ट ठीक.' खाली सही. अशी चार वर्षं गेली.

मग आले मेहुणे. साहेबांच्या बायकोचा भाऊ, म्हणून सगळं ऑफिस त्यांना मेहुणेच म्हणायचं. रंगकाम, पडदे, फर्निचर अशी कामं त्यांच्याकडे. बाहेरचे कुणी बडे पाहुणे ऑफिस बघायला यायचे होते आणि साहेबांना रॅक गबाळा वाटत होता. मेहुण्यांनी केबली बांधायच्या काळ्या पट्ट्यांची पिशवीच आणली. वाईट माणूस नव्हता हो. हाताला सफाई होती. त्यांनी सगळ्या केबलींची अशी वेणी घातली की बघत राहावं. फक्त माझी केबल त्यांच्या डोळ्यांत खुपत होती, कारण ती रॅकवरून तिरकी उजवीकडे जायची.

"ही एकटीच अशी वाकडी कशाला?" ते पुटपुटले.

आणि त्यांनी ती उजव्या पेटीतून काढून डाव्या पेटीत लावली. पोर्ट एकच्या केबलशेजारी, सरळ, सुबक. मी चार मिनिटं अंधारात होतो. मग दिवा लागला. हिरवागार. मेहुण्यांनी दिव्याकडे पाहिलं, हात झटकले, चहाला गेले. पाहुणे आले, त्यांनी आमच्यासमोर फोटो काढून घेतले.

मी गप्प बसलो असं समजू नका. आमच्यात एक रीत आहे. केबल लागली की पलीकडची पेटी आपलं नाव सांगते, आणि ते आमच्या नोंदीत तारीखवेळेसकट उतरतं. मी नोंद केली: 'सकाळी अकरा बेचाळीस, केबल निघाली. अकरा सेहेचाळीस, केबल लागली. समोर: डावी पेटी.' ती नोंद काकूंच्या मेलवरही गेली. काकू त्या दिवशी नवऱ्याची दाढ काढायची म्हणून रजेवर. दुसऱ्या दिवशी दोनशे नोंदी साचलेल्या. केबल निघाली, केबल लागली, एवढं वाचून त्यांनी पुढची उघडली. शेवटची ओळ राहिली.

त्यानंतर तीन सोमवार आले. तिन्ही वेळा काकूंनी पोर्ट एकची केबल काढली, तिन्ही वेळा मी काम घेतलं. मी ठीकच होतो. पण आता आम्ही दोघं एकाच पेटीच्या भरवशावर उभे होतो, आणि एक केबल ओढून ते दिसणार नव्हतं. वहीत तीनदा 'ठीक' उमटलं. तीन सह्या.

एका मंगळवारी सकाळी दहा पन्नासला डाव्या पेटीचा पंखा धुळीनं बसला, आतून करपल्याचा वास आला आणि ती गेली. पोर्ट एक मुका झाला. मी उठलो, "हो, बोला" म्हणालो, आणि माझा आवाज त्याच मेलेल्या पेटीवर आपटला. पलीकडे उजवी पेटी जिवंत होती, तिची दहा टेबलं जिवंत होती, आणि तिथवर जायला आम्हाला वाट नव्हती. बाहेर घंटा येऊन थडकत होत्या. आत एक मुलगी शेजारणीला म्हणत होती, "आज बरंय गं. कुणीच अडकलं नाही."

अडकले होते. एक शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, गिऱ्हाइकाचा नवा कोट हातावर घेऊन तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लटकले होते. एकतीस मिनिटं ते बटण दाबत राहिले. वय बहात्तर. एकतीस मिनिटं कुणीही "घाबरू नका" म्हणालं नाही.

काकू आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होत्या, तिथून धावत आल्या. त्यांनी वेणी कापली, दोन्ही केबली एकाच पेटीत बघितल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. पण आधी काम. दोन्ही केबली उजवीकडे हलवल्या. घंटा आत आली. फोन घेणारी म्हणाली, "घाबरू नका, माणूस..."

"घाबरणं मघाशीच उरकलं," मास्तर म्हणाले. "आता माणूस तेवढा पाठवा."

दुपारी साहेबांनी केबिनचं दार लावलं. आत ते, काकू, मेहुणे आणि आम्ही.

"काकू, वर अहवाल जायचाय. लिहा, फायरवॉलचा दुसरा पोर्ट खराब निघाला. जुनाट यंत्र, त्याचा काय भरवसा. नवं मागवू, विषय संपला."

"पोर्ट खराब नाही साहेब. केबल हलवली होती कुणीतरी."

"मी फक्त बांधल्या," मेहुणे म्हणाले. "हलवल्या बिलवल्या नाहीत. आता तर तुम्हीच हलवल्यात."

"हे बघा," साहेब आवाज उतरवून म्हणाले, "तीन चाचण्यांवर सही कुणाची आहे? तुमची. चौकशी लागली तर पहिल्या तुम्ही. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. यंत्राला ना घर ना दार. जाऊ दे त्याच्यावर."

मेहुण्यांनी तेवढ्यात एक चिकटपट्टी लिहून माझ्या डोक्यावर चिकटवलीसुद्धा. 'दुसरा पोर्ट खराब.' अक्षर मात्र सुरेख.

काकूंनी वही उघडली. पेन काढलं. आणि त्या गप्प राहिल्या. हे मी लपवणार नाही, कारण गोष्ट सांगायची तर पुरी सांगावी. चौदा महिने म्हणजे काय ते मला माहीत नाही, त्यांना माहीत होतं. तेवढ्यात फोन वाजला, साहेब म्हणाले, "उद्या सकाळी द्या." काकू वही मिटून निघून गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मी रागानं लाल झालो असतो, पण आम्हाला दिवा हिरवाच दिलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू केबिनमध्ये वही टेबलावर ठेवत होत्या, मेहुणेही तिथेच होते, तेवढ्यात मास्तर आले. जिन्यानं. श्वास जागेवर यायला पाच मिनिटं लागली, पण खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"एकतीस मिनिटं मी काय दाबत होतो, एवढं विचारायला आलोय."

"काका, यंत्राचा दोष," साहेब गोड हसून म्हणाले. "हा बघा, दुसरा पोर्ट खराब. लिहिलंय इथे."

मास्तरांनी चष्मा चढवून पट्टी वाचली. मग टेबलावरची लाल पाठीची वही ओढली आणि मागची पानं उलटली. "इथे तर लिहिलंय ठीक. गेल्या महिन्यात ठीक, त्याच्या आधी ठीक. हा मंगळवारीच नेमका खराब झाला का?"

मग काकू बोलल्या. दोन पोर्ट, दोन केबली, दोन पेट्या, सगळं त्यांनी मास्तरांना बोटांवर समजावलं. दोन्ही केबली एकाच पेटीत आल्या होत्या, हेही सांगितलं.

मास्तरांनी आपल्या कोटाच्या दोन गुंड्या चिमटीत धरल्या. "म्हणजे दोन गुंड्या लावल्यात, पण एकाच धाग्यात ओवून. धागा सुटला की दोन्ही गेल्या. शिकाऊ कारागीर करतो असं. वरून फार सुंदर दिसतं." ते काकूंकडे वळले. "आणि बाई, तुम्ही दर महिन्याला गुंडी ओढून बघत होतात. धागा नाही ओढलात कधी."

तुम्ही काकूंना त्या वेळी बघायला हवं होतं. थप्पड बसल्यासारख्या त्या उभ्या राहिल्या, आणि मग एकदम हलक्या झाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, कीबोर्ड पुढे घेतला आणि आमची नोंदवही उघडली. तीन महिने मागे गेल्या. मोठ्यानं वाचलं.

"अकरा बेचाळीस, केबल निघाली. अकरा सेहेचाळीस, लागली. समोर: डावी पेटी." त्या वळल्या. "मेहुणे, ही वेळ कुणाची?"

मेहुणे बुटांकडे बघत म्हणाले, "सरळ दिसावी म्हणून लावली हो. दिवा हिरवा होता!"

"काकू, बंद करा ते," साहेब उठले. "ते पुसून टाका. हा आपल्या घरातला मामला आहे."

"लिफ्टमध्ये मी होतो," मास्तर म्हणाले. "तुमच्या घरात नव्हतो."

"नोकरी जाईल काकू."

"जाऊ दे गेली तर. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या नावावर मी माझी चूक लिहिणार नाही."

आणि त्यांनी लिहिलं. मला शब्द न् शब्द पाठ आहे. 'दुसरा पोर्ट खराब नव्हता, आजही नाही. त्याची केबल रॅक नीट दिसावा म्हणून डाव्या पेटीत हलवली गेली. यंत्रानं त्याच दिवशी कळवलं होतं. ते मी पुरतं वाचलं नाही. त्यानंतरच्या तीन चाचण्यांत मी फक्त केबल काढली, पेटी बंद करून पाहिली नाही. चार वर्षांत एकदाही पाहिली नाही. तरी ठीक असं लिहिलं. ही चूक माझी.' खाली सही. शेजारी मास्तरांनी आपली सही केली, सुईत दोरा ओवावा तशी बारीक, आणि म्हणाले, "या पानाची एक प्रत मला द्या. तक्रारीला जोडायचीय." आता ते पान फाडून काही उपयोग नव्हता. साहेब खाली बसले.

वरून हुकूम आला: खरं असेल तर करून दाखवा.

गुरुवारी नवी डावी पेटी बसली. काकूंनी माझी केबल पुन्हा उजवीकडे नेली, तिरकी, रॅकवरून आडवी, बघणाऱ्याला खुपेल अशी. मास्तर आपल्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये जाऊन उभे राहिले. हे त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं.

"आणि नाही चाललं तर?" साहेबांनी फोनवर विचारलं.

"शिवण आणलंय सोबत," मास्तर म्हणाले. "बसतो."

अकरा वाजता, भर कामात, सगळं ऑफिस बघत असताना काकूंनी डाव्या पेटीची वीज बंद केली. दहा टेबलं काळी पडली. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. पोर्ट एक गेला. आणि मी उठलो. तोच पत्ता, तेच नाव, आणि या वेळी समोर वाट होती. उजवीकडच्या टेबलावर घंटा खणखणली.

"घाबरू नका, माणूस पाठवलाय."

"माणूस राहू द्या," मास्तरांचा आवाज आला. "आधी सांगा, कोण बोलतंय? दुसरा का?"

फोन घेणाऱ्या मुलीला काही कळेना. तिनं काकूंकडे पाहिलं. काकू चष्मा पुसत होत्या. "हो म्हण," त्या म्हणाल्या. "दुसराच आहे."

काकूंची नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी हात पुढे करून घेतली, कुरकुर केली नाही. ताकीद साहेबांनाही मिळाली. मेहुण्यांकडे आता पडदे आणि रंग एवढंच. परवा ते आले होते, माझी तिरकी केबल बघून त्यांचे हात शिवशिवत होते, पण लांबूनच गेले. दर पहिल्या सोमवारी काकू आता पेटी बंद करून बघतात. निवृत्तीला चार महिने उरलेत काकूंच्या. पुढे हे कुणी करायचं, तेही त्यांनी वहीत लिहून ठेवलंय.

माझं म्हणाल, तर चिकटपट्टी निघाली, गोंद राहिलाय. त्यावर धूळ बसते. वय झालंय. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, याचे नवे नियम आमच्या यंत्रासाठी कारखान्याकडून येणंही थांबलंय, वर्षभरात आम्हाला काढतील. काढा. मी हटून बसणार नाही. पण काढताना कारण लिहाल ना, ते 'म्हातारा झाला' असं लिहा. 'खराब' लिहिलंत, तर माझी नोंदवही तुमच्या नाकासमोर धरीन.

आणि तुम्ही, एवढा वेळ ऐकून घेतलंत म्हणून हक्कानं सांगतो. तुमच्याकडेही एखादी वही असेल. दुकानाची, कारखान्याची, घरची, नुसती मनातली असली तरी चालेल. जेवढं तपासलं तेवढंच तपासलं म्हणून मांडा. जे राहिलं ते राहिलं म्हणून मांडा, आणि जिथे चूक झाली तिथे स्वतःचं नाव घाला. हिशोब तेवढा खरा ठेवा, बाकी वेळ आली की आम्ही उठतो.